याहू आणि अल्टाव्हिस्टा असताना गूगलच का वाढले?

प्रश्न दोन भागांत विचारला आहे. याहू, अल्टाव्हिस्टा, एक्साइट, लायकॉस अशी नावाजलेली सर्च इंजिने आधीपासून असताना १९९८ साली निघालेल्या गूगलने त्या सर्वांना मागे कसे टाकले, आणि आज पुन्हा कोणाला तसे करता येईल का? पहिल्या भागाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘पेजरँक’, म्हणजे पानाकडे येणाऱ्या लिंकांवरून त्याचे वजन ठरवण्याची पद्धत, या एका शब्दात दिलेले आढळते. वृत्तपत्रांच्या आणि ग्रंथालयांच्या संग्रहांसाठी शोधव्यवस्था उभारण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि त्या अनुभवावरून मला हे उत्तर अपुरे वाटते. पेजरँकने गूगलला नाव मिळवून दिले. कंपनी मात्र वाढली ती स्वस्त यंत्रांवर चालणाऱ्या व्यवस्थेमुळे, जाहिरातींच्या लिलावाच्या पद्धतीमुळे आणि लोकांच्या समोर आपलाच सर्च बॉक्स आधीपासून असावा यासाठी मोजलेल्या पैशांमुळे.

आधी त्या काळची परिस्थिती पाहू. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ साली सुरू केलेले याहू ही मुळात माणसांनी विषयवार लावलेली यादी होती. अल्टाव्हिस्टा डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संशोधकांनी सुरू केले आणि त्यात कंपनीच्या अल्फा संगणकांची ताकद जगाला दाखवण्याचाही हेतू होता. ते वेगवान होते आणि त्याचा इंडेक्स, म्हणजे शोधासाठी साठवलेली पानांची सूची, त्या काळाच्या मानाने प्रचंड होता. अडचण होती ती निकालांच्या क्रमाची. शोधलेला शब्द पानावर किती वेळा आणि कोठे आला आहे, यावर तेव्हाच्या इंजिनांचा मुख्य भर असे. त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शंभर वेळा लिहून पान वर आणणे सर्रास चाले. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ च्या आपल्या शोधनिबंधात याचे दोन मासले दिले आहेत. नोव्हेंबर १९९७ मध्ये चार आघाडीच्या व्यावसायिक इंजिनांपैकी केवळ एकच असे होते की, त्याचे स्वतःचे नाव त्यातच शोधले असता ते पहिल्या दहा निकालांत सापडत होते. दुसरा मासला त्याहून मासलेवाईक आहे : एका लोकप्रिय इंजिनात ‘बिल क्लिंटन’ शोधल्यावर अगदी वरच्या निकालांत क्लिंटन यांच्यावरच्या ‘रोजच्या विनोदा’चे एक पान येत होते.

हा दोष कोणाला दिसत नव्हता असे नाही; तो दूर करण्याची कोणाला घाई नव्हती. त्या काळी या कंपन्यांना ‘पोर्टल’ व्हायचे होते. बातम्या, हवामान, ईमेल, शेअरचे भाव असे सर्व आपल्याच पानावर देऊन वाचकाला तेथेच थांबवायचे आणि त्याला पट्टीच्या जाहिराती दाखवायच्या, असा त्यांचा हिशेब होता. चांगला शोध वाचकाला क्षणात दुसरीकडे पाठवतो, म्हणजे या हिशेबात तो तोट्याचाच ठरतो. १९९९ च्या सुमारास पेज आणि ब्रिन आपले तंत्र साधारण १० लाख डॉलरना विकायला तयार होते आणि एक्साइटने ते नाकारले. ही गोष्ट आता विनोद म्हणून सांगितली जाते. परंतु एक्साइटचा धंदा ज्या गणितावर चालला होता, ते पाहता तो नकार मला मूर्खपणाचा वाटत नाही.

पेज आणि ब्रिन दोघेही १९७३ साली जन्मलेले, एक मिशिगनचा आणि दुसरा मॉस्कोत जन्मून लहानपणी कुटुंबासह अमेरिकेत आलेला. त्यांची भेट १९९५ साली स्टॅनफर्डमध्ये झाली. पेज यांना वेबवरील लिंकांचे जाळे उलट दिशेने पाहायचे होते : एखाद्या पानावरून कोठे जाता येते हे ते पान उघडले की कळते, पण त्या पानाकडे कोण कोण बोट दाखवते, हे कळायला सगळे वेब उतरवून घ्यावे लागते. त्यासाठी लिहिलेल्या क्रॉलरचे, म्हणजे लिंकांवरून फिरत पाने उतरवून घेणाऱ्या प्रोग्रामचे, काम मार्च १९९६ मध्ये सुरू झाले आणि प्रकल्पाचे नाव तेव्हा ‘बॅकरब’ होते. शास्त्रीय निबंधांची प्रतिष्ठा त्यांचा संदर्भ किती जणांनी दिला यावरून मोजण्याची पद्धत यूजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकात रूढ केली होती. पेज यांनी तोच विचार वेबला लावला. परंतु प्रत्येक संदर्भाला सारखे मोल न देता, संदर्भ देणाऱ्याचे स्वतःचे वजन जितके जास्त तितके त्याच्या संदर्भाचे मोल जास्त, अशी त्याची मांडणी केली.

व्याख्या स्वतःभोवतीच फिरते असे वाटेल आणि ते खरेच आहे. म्हणून ती आवर्तनांनी सोडवतात. सुरुवातीला सर्व पानांना समान गुण द्यायचे; मग प्रत्येक पानाने आपले गुण आपल्यावरील लिंकांमध्ये वाटून द्यायचे, आलेल्या गुणांची बेरीज करायची आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहायचे. सगळे गुण एखाद्या कोपऱ्यात अडकून पडू नयेत यासाठी अशी कल्पना केली आहे की, वाचक १०० पैकी ८५ वेळा लिंकवरून पुढे जातो आणि उरलेल्या १५ वेळा कंटाळून कोणतेही एखादे पान उघडतो. ३२ कोटी २० लाख लिंकांच्या जाळ्यावर हे गणित साधारण ५२ आवर्तनांत स्थिरावले. या मांडणीच्या शोधनिबंधावर पेज आणि ब्रिन यांच्यासह राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड या प्राध्यापकांचीही नावे आहेत. त्यांपैकी मोटवानी मूळचे जम्मूचे आणि आयआयटी कानपूरचे.

मात्र त्याच सुमारास जॉन क्लाइनबर्ग यांनी आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत लिंकांवरच आधारलेली वेगळी पद्धत मांडली होती, आणि रॉबिन ली यांनी १९९६ साली ‘रँकडेक्स’मध्ये लिंकांवरून क्रम लावून दाखवला होता. याच ली यांनी पुढे २००० साली चीनमध्ये ‘बायडू’ काढले. म्हणजे कल्पना हवेत होती आणि ती एकट्या गूगलच्या हाती लागलेली नव्हती. शिवाय प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या नजरेतून पाहिले तर त्या पहिल्या इंजिनातील दुसरी एक युक्ती मला पेजरँकपेक्षाही मोलाची वाटते आणि तिचा उल्लेख फार कमी होतो. लिंकवर लिहिलेले शब्द हे ती लिंक जेथून दिली त्या पानाचे न मानता, ती ज्या पानाकडे जाते त्या पानाचे वर्णन म्हणून त्यांनी साठवले. एखाद्या विद्यापीठाच्या मुखपृष्ठावर नुसते चित्र असेल आणि नाव अक्षरांत कोठेही नसेल, तरी हजारो लोकांनी त्याकडे लिंक देताना विद्यापीठाचे नाव लिहिलेले असते. तेवढ्यावरून ते पान सापडते. छोट्या संग्रहात लिंका मोजक्याच असतात, त्यामुळे तेथे पेजरँकचा उपयोग जेमतेम होतो, पण ही युक्ती तेथेही फळ देते.

यानंतरची गोष्ट यंत्रांची आहे. स्टॅनफर्डमध्ये या दोघांनी मिळतील तेथून संगणक आणि डिस्क जमवल्या होत्या. डिस्क ठेवण्यासाठी लेगोच्या ठोकळ्यांची पेटी केली होती आणि त्यावर २ कोटी ४० लाख पानांचा इंडेक्स चालत होता. ऑगस्ट १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचे एक संस्थापक अँडी बेक्टोलशाइम यांनी ‘गूगल इन्कॉर्पोरेटेड’च्या नावे १ लाख डॉलरचा धनादेश लिहून दिला. त्या नावाची कंपनीच तेव्हा नव्हती. ती ४ सप्टेंबर १९९८ रोजी नोंदवली गेली आणि मेनलो पार्कमध्ये सुसान वॉयचिकी यांच्या घराच्या गॅरेजमध्ये तिचे काम सुरू झाले. जून १९९९ मध्ये सिक्वोया आणि क्लायनर पर्किन्स या दोन भांडवलदार संस्थांनी मिळून २.५ कोटी डॉलर घातले. पेजरँकचे पेटंट स्टॅनफर्डच्या नावे होते. त्याच्या परवान्यापोटी विद्यापीठाला १८ लाख शेअर मिळाले आणि ते २००५ साली ३३.६ कोटी डॉलरना विकले गेले.

पैसे आल्यावरही त्यांनी भारी सर्व्हर घेतले नाहीत. १९९९ साली त्यांनी स्वतः जोडलेल्या सर्व्हरमध्ये साधे मदरबोर्ड उघड्या तबकावर ठेवलेले असत आणि शॉर्ट सर्किट होऊ नये म्हणून खाली बुचाचा थर घातलेला असे. अशी यंत्रे बिघडणारच हे गृहीत होते आणि त्या बिघाडाला तोंड देण्याचे काम सॉफ्टवेअरने करावे अशी योजना होती. सुरुवातीला ही योजना फार कच्ची होती. ऑक्टोबर १९९९ मध्ये वेब उतरवून इंडेक्स बांधणारी यंत्रणाच बंद पडली आणि मार्च २००० पर्यंत ती दुरुस्त झाली नव्हती. लोकांना काही महिने जुना इंडेक्स दिसत होता, आणि ते अशा वेळी की याहूशी मोठ्या कराराची बोलणी चालू होती. जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी इंडेक्समधील कच्चे आकडे पाहत जाऊन कारण शोधले : स्वस्त मेमरी चिपमध्ये अधूनमधून शून्याचा एक आणि एकाचा शून्य होत होता, आणि तो पकडण्याची सोय त्या चिपमध्ये नव्हती. हजारो यंत्रे रात्रंदिवस चालू असली की लाखात एखादी वाटणारी चूक रोजचीच होते, हे मोठ्या संग्रहावर काम केलेल्या कोणालाही पटेल.

या धड्यातून जे उभे राहिले त्याचे वर्णन कंपनीने पुढे स्वतःच प्रसिद्ध केले. गूगल फाइल सिस्टिमचा निबंध २००३ चा आणि मॅपरिड्यूसचा २००४ चा. प्रत्येक माहितीच्या अनेक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवायच्या, काम तुकड्यांत वाटायचे आणि एखादे यंत्र मेले तर त्याचा तुकडा निमूटपणे दुसऱ्याला द्यायचा, हे त्यांचे सूत्र. हे निबंध वाचूनच बाहेरच्या लोकांनी ‘हडूप’ ही तशीच मोफत प्रणाली लिहिली आणि ‘बिग डेटा’ नावाचा सगळा बाजार त्यावर उभा राहिला. दरम्यान अल्टाव्हिस्टा १९९८ साली डिजिटलबरोबर कॉम्पॅककडे गेले, १९९९ साली सीएमजीआयकडे आणि २००३ साली ओव्हरचरकडे. कॉम्पॅक आणि सीएमजीआय या दोघांनीही त्याला पोर्टल करून पाहिले. गूगलला मात्र आणखी एक कोटी पाने शोधात घेण्याचा खर्च प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने फार थोडा पडत होता. जून २००० मध्ये गूगलने आपला इंडेक्स १०० कोटी पानांवर गेल्याचे जाहीर केले आणि त्याच सुमारास याहूने आपल्या पानावरील शोधाचे काम गूगलकडे सोपवले.

तरीही तेव्हा पैसे येत नव्हते. १९९८ च्या त्या निबंधाच्या पुरवणीत दोघांनी असे लिहून ठेवले होते की, जाहिरातींवर चालणारी सर्च इंजिने स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकतील. हे वाक्य त्यांच्या विरोधकांनी पुढे अनेकदा त्यांच्यासमोर धरले आहे. शोधलेल्या शब्दावर जाहिरातदारांची बोली लावायची आणि क्लिक झाले तरच पैसे घ्यायचे, ही कल्पना बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ कंपनीने १९९८ साली अमलात आणली होती. हीच कंपनी पुढे ‘ओव्हरचर’ झाली. तिच्यात जो जास्त बोली लावेल तो वर, एवढाच नियम होता. गूगलचे ‘अ‍ॅडवर्ड्स’ ऑक्टोबर २००० मध्ये ३५० ग्राहकांनिशी सुरू झाले तेव्हा त्यात जाहिरात किती वेळा दाखवली यावर दर होता. फेब्रुवारी २००२ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आणि तिने धंद्याचे रूप बदलले.

तिचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने दाखवतो. दोन पुष्पविक्रेत्यांनी एकाच शब्दावर बोली लावली आहे. पहिल्याची बोली क्लिकमागे ५० सेंट, पण १,००० वेळा जाहिरात दिसली तर त्यावर १० जणच क्लिक करतात. दुसऱ्याची बोली ३० सेंट, पण त्याच्या जाहिरातीवर ३० जण क्लिक करतात. नुसत्या बोलीने पाहिले तर पहिला वर यायला हवा. परंतु त्याच्याकडून मिळणार ५ डॉलर आणि दुसऱ्याकडून ९ डॉलर. म्हणून गूगलने बोली आणि क्लिकचे प्रमाण यांच्या गुणाकारावर क्रम लावला, आणि दुसरा वर आला. त्याच्याकडून पूर्ण ३० सेंटही घेतले जात नाहीत. पहिल्याला मागे ठेवायला पुरेल एवढेच, म्हणजे सुमारे १७ सेंट घेतले जातात. त्यामुळे रोज बोली खालीवर करत बसण्याचे कारण बरेच कमी होते, आणि लोकांना नको असलेली जाहिरात आपोआप खाली जाते किंवा महाग पडते. मूळ कल्पना दुसऱ्याची होती, हे न्यायालयातही मांडले गेले : ओव्हरचरने पेटंटचा दावा लावला, २००३ साली याहूने १६३ कोटी डॉलरना ओव्हरचर घेतले, आणि ऑगस्ट २००४ मध्ये गूगलने याहूला २७ लाख शेअर देऊन तो दावा मिटवला.

हा लिलाव किती कमावत होता, हे बाहेर कोणालाच माहीत नव्हते. २००१ साली एरिक श्मिट मुख्याधिकारी झाले, त्याच वर्षी कंपनी प्रथम नफ्यात आली आणि तो नफा सुमारे ७० लाख डॉलरचा होता. २००३ साली तो १० कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. एप्रिल २००४ मध्ये शेअर विक्रीसाठीची कागदपत्रे दाखल झाली तेव्हा कुठे हे आकडे लोकांसमोर आले, आणि १९ ऑगस्ट २००४ रोजी ८५ डॉलर दराने शेअर बाजारात आले. त्या आधीच फेब्रुवारीत याहूने स्वतःचे इंजिन लावून गूगलला दूर केले होते. पण चार वर्षे याहूच्याच वाचकांना गूगलच्या निकालांची सवय लागलेली होती.

२००४ नंतरचा विस्तार (जीमेल, नकाशे, २००६ साली १६५ कोटी डॉलरना घेतलेले यूट्यूब, २००८ साली पूर्ण झालेली डबलक्लिक या जाहिरात कंपनीची खरेदी, २०१५ सालची अल्फाबेट ही पालक कंपनी) सर्वांच्या डोळ्यांसमोर घडला आहे, म्हणून त्यातील एकच धागा घेतो. लोक शोध घेतात तो बहुधा समोर असलेल्या चौकटीत. ती बदलण्याचे कष्ट फार थोडे घेतात. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरमध्ये तो २००३ साली निघाला तेव्हापासून गूगलचा सर्च बॉक्स आहे. मायक्रोसॉफ्ट आपल्या इंटरनेट एक्सप्लोररमधून आपल्याला बाहेर काढील, ही भीती गूगलला कायम होती. त्यासाठी आधी टूलबार आले, ज्याचे काम सुंदर पिचाई पाहत होते, आणि सप्टेंबर २००८ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली क्रोम आले. २००५ साली विकत घेतलेल्या अँड्रॉइडचा हेतूही मोबाइलवर दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहायला लागू नये, हाच मुख्यतः होता असे माझे मत आहे. अमेरिकी सरकारने गूगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात असे उघड झाले की, ब्राउझर आणि फोन यांवर आधीपासून गूगलच असावे यासाठी कंपनीने एकट्या २०२१ साली २,६३० कोटी डॉलर दिले होते.

त्याच खटल्यात गूगलचे पांडू नायक यांच्या साक्षीतून ‘नॅव्हबूस्ट’ या यंत्रणेची माहिती बाहेर आली. लोकांनी कोणत्या शोधानंतर कोणत्या निकालावर क्लिक केले, याची १३ महिन्यांची नोंद ती वापरते. सर्च बॉक्सचा खर्च कशासाठी, हे येथे समजते : जास्त लोक शोधतात, म्हणून क्लिकची नोंद मोठी होते, म्हणून निकाल सुधारतात. मराठीत हेच उलट बाजूने अनुभवायला मिळते. आपल्या अनेक वृत्तपत्रांची संकेतस्थळे युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान अक्षर-संकेतपद्धती) येण्यापूर्वी स्वतःच्या खास फाँटमध्ये होती. पडद्यावर मराठी दिसे, पण साठवलेले असत ते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत, आणि क्रॉलरला तेवढेच वाचता येई. त्या वर्षांचा मजकूर बदलून घेतला नसेल तर कोणत्याही इंजिनाला तो आजही सापडत नाही. जो सापडतो त्यातही ‘शाळा’, ‘शाळेत’, ‘शाळांमधून’ ही रूपे एकच आहेत, हे यंत्राला पुरेशा मजकुरातून आणि पुरेशा क्लिकमधून शिकावे लागते. इंग्रजीच्या तुलनेत दोन्ही आपल्याकडे तोकडे आहेत. गूगलच्या भाषांतरसेवेत मराठी मे २०१३ मध्ये आली, हिंदीनंतर बऱ्याच वर्षांनी.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. क्रॉलर आणि इंडेक्स लिहिण्याचे ज्ञान आज मोकळे आहे, भाड्याची यंत्रे मिळतात, आणि पेजरँकच्या पेटंटची मुदतही संपली आहे. अडते ते क्लिकची नोंद आणि सर्च बॉक्स या दोन ठिकाणी. वर सांगितलेल्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने शोधातील मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निर्णय दिला, आणि सप्टेंबर २०२५ च्या उपायांच्या निकालात या दोन्हींनाच हात घातला, पण अर्धाच. इंडेक्सची आणि वापराची काही माहिती पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यावी लागेल आणि ‘फक्त आम्हीच’ अशा अटीचे करार करता येणार नाहीत. मात्र क्रोम विकावे लागणार नाही, आणि आधीपासून दिसणाऱ्या जागेसाठी पैसे देण्यावर सरसकट बंदी नाही. तेव्हा जुन्याच धाटणीचे, दहा निकालांची यादी देणारे इंजिन काढून कोणी गूगलला हरवील असे मला वाटत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या चॅटजीपीटीने वेगळी वाट धरली : यादी न देता थेट उत्तर. त्याच्या मुळाशी असलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ रचना २०१७ साली गूगलच्याच संशोधकांनी प्रसिद्ध केली होती. गूगलनेही मे २०२४ पासून अमेरिकेत निकालांच्या वर यंत्राने लिहिलेले उत्तर देणे सुरू केले आहे. अशा उत्तरात क्लिकच कमी होतात, आणि २००२ पासूनचा सगळा लिलाव क्लिकवर उभा आहे. त्यामुळे एक्साइटपुढे १९९९ साली जो हिशेब होता, त्याच जातीचा हिशेब आता गूगलला स्वतःच्या धंद्यात मांडावा लागत आहे.